'माईचा मुक्काम' पडद्यावर

८ मार्च, शनिवार

आज लायब्ररीच्या काचेवर माझा फोटो लागला. पुढच्या महिन्यात तिथे स्थानिक लेखकांशी गप्पा आहेत, त्याची जाहिरात. फोटोखाली छापलंय, 'अमेरिकन नाटककार आणि फिल्ममेकर'. अमेरिकन ठीक आहे, पासपोर्ट इथलाच आहे. नाटककारही ठीक. अकरा वर्षांत पाच नाटकं, त्रेचाळीस प्रयोग. बॉस्टनपासून अर्विंगपर्यंत मराठी मंडळांच्या शाळांतून मी स्वतः खिळे ठोकून सेट लावलेत. फिल्ममेकर मात्र शुद्ध थाप. माहितीचा फॉर्म भरताना माझंच बोट तिथे पडलं. आता काचेवर लागलंच आहे म्हटल्यावर फिल्म करणं आलं.

नाहीतरी जानेवारीत नोकरी गेल्यापासून घरात बसवत नाही. तेवीस वर्षं डेटा सेंटरच्या गार हवेत काढली, आता घरातली हवा सोसत नाही. सकाळपासून तीनदा जिना चढलो आणि तीनदा वर जाऊन कशाला आलो ते आठवलं नाही.

फिल्म 'माईचा मुक्काम'ची. अकोल्याहून लेकीकडे सहा महिने राहायला आलेली माई, तिचा सॉफ्टवेअरवाला जावई, आणि दोघांची रोजची जुगलबंदी. जावई मी करतो, माई प्रतिमा. न्यू जर्सीच्या मराठी चित्रपट महोत्सवाची शेवटची तारीख ३१ मे. शूटिंग आपल्याच घरात, सेटचा प्रश्न नाही.

रेणूला सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने एवढंच विचारलं, "शेवट कुठला घेणार?"

मी म्हटलं, माझा. मूळ लिहिलेला.

"बरं," म्हणाली. मग एकच टॉवेल तिने तीनदा उलगडून पुन्हा घातला.

शेवटाची गोष्ट नोंदवून ठेवतो, उद्या कोणी विचारलं तर असावी. मी लिहिलेल्या शेवटात माई विमानतळाला निघताना वजनकाट्यावर बॅग ठेवते, मग स्वतः चढते, आणि म्हणते की तुमच्याकडे खाऊन माझंच वजन ज्यादा झालं, आता मलेच काढा बॅगेतून. हशा आणि पडदा. पण रॅलेच्या प्रयोगात, म्हणजे तिसऱ्याच प्रयोगात, दाराशी आल्यावर प्रतिमा ब्लँक झाली आणि पदरचं वाक्य टाकून मोकळी झाली. "जवाईबापू, अजून एक महिना राहू का मी?" आता यावर जावयाला वाक्यच नाही. मी गप्प. पडदेवाल्याला वाटलं संपलं, त्याने पडदा पाडला. हॉल चिडीचूप, आणि मग लोक उभे राहिले. मेकअप रूममध्ये प्रतिमाला मी चांगलं फैलावर घेतलं, पण टाळ्यांशी कोण भांडणार? तेच चालू राहिलं. माझ्या त्या गप्प उभं राहण्याचं लोक अजून कौतुक करतात.

पण फिल्मवर माझं नाव कायमचं राहणार. तिथे माझंच लिहिलेलं हवं, अक्षर न् अक्षर.

१२ मार्च, बुधवार

कॅमेरामन ठरला. देवांग, मूळचा बडोद्याचा, इथे अठरा वर्षं लग्नांचे व्हिडिओ करतो. मराठी आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतो. म्हणाला, "काका, आपण शेवटच्या सीनला तुमच्या चेहऱ्यावर टाइट क्लोजअप ठेवू. मी न्यू जर्सीत एडिसनचा शो शूट केला होता, तो पॉज अजून आठवतो." मी त्याला सांगितलं की तो शेवटच नाही. क्लोजअप वजनकाट्याचा घ्या. त्याचा चेहरा पडला. लग्नात रडणाऱ्या आयांचे क्लोजअप घेऊन घेऊन माणसाची आवड बिघडते.

रेणूला म्हटलं, आता तुला सुट्टी. फिल्मला प्रॉम्प्टर लागत नाही. अकरा वर्षं ती माझी प्रॉम्प्टर आहे. आमची नटमंडळी आठवडाभर कोड लिहिणार, शनिवारी तालमीला येणार, पाठांतराच्या नावाने आनंद. सगळी रेणूच्या भरवशावर स्टेजवर उभी राहतात. ती विंगेत खुर्ची टाकून बसते, हळू आवाजात वाक्यं पुरवते, पाय दुखतात तरी हूं की चूं नाही. तिला आराम मिळेल म्हणून मी मोठ्या प्रेमाने सांगितलं, तर विचारते, "मी शूटिंगला थांबू ना पण?" म्हटलं थांब की, चहापाण्याचं कोण बघणार.

२२ मार्च, शनिवार

वाचन झालं. झालं म्हणजे काय, वाजलं.

मूळ स्क्रिप्टच्या प्रती काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या. प्रतिमा दुसऱ्याच पानावर अडली. "पुरुषोत्तम, हे आपण बोलत नाही ना?" निधी, जी लेकीचं काम करते, तीही म्हणाली की माझा अख्खा सीन वेगळा आहे यार, हे तर फार ओल्ड व्हर्जन वाटतंय.

मी सगळ्यांना शांतपणे समजावलं. निदान सुरुवातीला शांतपणे. सात वर्षांत तुम्ही लोकांनी पदरची वाक्यं घालघालून माझ्या नाटकाची गोधडी केलीत. लेखकाने एकेक शब्द तोलून लिहिलेला असतो. मूळ माई खमकी आहे, चिडकी आहे, तिचा वऱ्हाडी हेल ऐकून हसू येतं. तुमची माई अर्धा वेळ खिडकीतून बाहेर बघते.

प्रतिमाने रेणूकडे बघितलं, आणि रेणू पोहे आणायला आत गेली. पोहे तर सगळ्यांचे खाऊन झाले होते.

५ एप्रिल, शनिवार

मुहूर्त. गॅरेजच्या पायरीवर नारळ फोडला, आत कापूर लावला, त्याने स्मोक अलार्म बोंबलायला लागला. शेजारची बाई झग्यातच बाहेर आली. तिला प्रसाद दिला.

दिवसभरात चार सीन घेतले. सगळे माझ्या मनासारखे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरी काहीतरी बसत नव्हतं. माई डिशवॉशरला नमस्कार करते त्या जागेला दर प्रयोगाला मी लिहिलेला विनोद घसघशीत हशा घेतो, आज निधीसुद्धा हसली नाही. देवांगला विचारलं कसं झालं. म्हणाला, "फोकस चांगला आहे, काका."

रेणू दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात होती. प्रतिमा "काहून व्हो" करत तोंड वाकडं करून चालली तेव्हा ती आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. नळाचा आवाज साउंडमध्ये आला, टेक वाया गेला. मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं.

ती दोन दिवस अदितीच्या खोलीत झोपतेय. लेक कॉलेजला गेल्यापासून ती खोली रिकामीच असते. मी घोरतो म्हणे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आत्ता कळलं.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी लायब्ररीचा कार्यक्रम. वीस-बावीस माणसं होती, त्यातली निम्मी आपली. मी माईचं गाजलेलं वाक्य म्हणून दाखवलं, मराठीत आणि मग इंग्रजीत: "तुमच्या घरात सगळ्याले आवाज आहे. भांडी घासायची मशीन बोलते, दार बोलते, फ्रीज बोलते. माणूस तेवढा बोलत नाही." गोरी मंडळीसुद्धा हसली, आणि मग एक म्हातारी गंभीर झाली. तिने विचारलं, हे कुठून सुचलं? मी निरीक्षणशक्तीवर दहा मिनिटं बोललो. रेणू मागच्या रांगेत होती, तिला माझा फोटो काढायला सांगितलं होतं, तिने काढला नाही.

घरी येऊन स्क्रिप्ट बघितलं तर ते वाक्य त्यात सापडेना. टाइप करताना गळलं असणार.

दुपारी शूटिंग, आणि प्रतिमाचा स्फोट. पाचव्या टेकला तिने पदर सोडला, मायक्रोफोन काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "ही माई मला येत नाही. ही कोणाची तरी नक्कल आहे. ज्या बाईची मी सात वर्षं भूमिका केली ती यात नाहीच." मी म्हटलं, ज्या बाईची भूमिका केलीस ती मी लिहिली. ती म्हणाली, "रेणूला विचार."

मी विचारलं नाही. काय विचारायचं? नटीला नखरे आले की ती दिग्दर्शकाच्या बायकोचा पदर धरते, हे मला ठाऊक आहे. प्रतिमा गाडी काढून गेली. उद्याचं शूटिंग कॅन्सल केलं.

१६ एप्रिल, बुधवार

बसवत नाही. दुपारी गाडी काढली आणि डेटा सेंटरांच्या रस्त्यांवरून उगाच चकरा मारल्या. बिनखिडकीच्या इमारती, कुंपणं, सतत घरघर. आत होतो तेव्हा ही घरघर ऐकू यायची नाही.

रेणूची आई आठवली. माईचं बीज तिथलंच, हे काही मी लपवलेलं नाही. २०१३च्या उन्हाळ्यात आली होती, सहा महिने. सकाळी पाचला उठून कुंड्यांशी बोलायची. आमची घडी विस्कटायची थोडी, पण मी कधी उलटून बोललो नाही. परत जायची तिलाच घाई होती. तिकीट आधीच काढलेलं होतं, थंडी सुरू झाली होती, तिचे गुडघे, इन्शुरन्सचा घोळ. इथे राहायच्या मुदतवाढीचा फॉर्म असतो, पण त्याची कटकट किती. गेल्यावर चौथ्या महिन्यात ती वारली. म्हणजे राहिली असती तरी तेच व्हायचं होतं.

हे मी का लिहितोय कोण जाणे. फिल्मशी संबंध नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आज अक्षर बिघडेल. पण लिहितो.

सकाळी देवांग आला. म्हणाला, काका, प्रतिमाकाकूंना समजवायचं असेल तर एडिसनच्या शोचं रेकॉर्डिंग एकदा बघा, त्यांना नेमकं काय हवंय ते कळेल. मी म्हटलं मला काय बघायचंय, मी त्यात होतो. तो ड्राइव्ह ठेवून गेला. स्क्रिप्ट मांडीवर घेतलं, पेन्सिल घेतली, आणि कोणी कुठे पदरचं घातलंय त्यावर खुणा करायच्या म्हणून बसलो.

देवांगने त्या दिवशी एक माईक विंगेच्या अगदी बाजूला ठेवला होता. चित्र लांबचं आहे, पण आवाज जवळचा. पहिल्यांदा मला वाटलं एको आहे. मग कळलं की एको आधी येत नाही.

आधी रेणूचा आवाज येतो. हळू, एका सुरात, श्वासासकट. मग तेच वाक्य प्रतिमाच्या तोंडून मोठ्याने येतं. मग लोक हसतात. पुन्हा रेणू, पुन्हा प्रतिमा. मी स्क्रिप्टवर बोट ठेवून चाललो होतो. पहिल्या अंकात माझं बोट दहाव्या मिनिटाला हरवलं ते मला परत सापडलंच नाही. मशीन बोलते, दार बोलते, ते रेणू म्हणते. नातीच्या शाळेच्या बसला हात करण्याचा सीन रेणू म्हणते. निधीची वाक्यंसुद्धा. माझीच तीन वाक्यं, जावयाची, जी मला वाटतं मला तिथल्या तिथे सुचली होती, तीही आधी विंगेतून येतात, आणि मी स्टेजवर ती ऐटीत उचलतो.

माझे विनोदही आहेत. डिशवॉशरचा नमस्कार आहे. तिथे मात्र कोणी हसत नाही. हशा येतो तो त्याच्या पुढच्या वाक्याला, आणि ते माझं नाही.

शेवट ऐकला. विंगेतून, "जवाईबापू." मग थांबली. प्रतिमासुद्धा थांबली, वाट बघत. मग रेणू, "अजून एक महिना राहू का मी?" तिचा आवाज एरवी प्रॉम्प्टिंगला सपाट असतो. इथे तो सपाट नव्हता.

मी कॉम्प्युटर बंद केला. रेणू बाजारात गेली होती. ती येईपर्यंत मी बाथरूमच्या टबावर बसून होतो. घरात बसायला दुसरी जागा सुचली नाही.

२० एप्रिल, रविवार

विचारलं. आधी आवाज चढवून विचारलं, कारण मला दुसऱ्या कुठल्या आवाजात विचारता आलं नाही. किती दिवस चाललंय हे? माझ्या नाटकात, माझ्या मागे?

ती मटार सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. सांगितलं की रॅलेला ती चष्मा घरी विसरली. विंगेत अंधार, कागद दिसेना. प्रतिमा दाराशी अडकली, तिच्याकडे बघायला लागली. "मला तुझं वाक्य आठवेना. वजनकाट्याचं. मग जे आठवलं ते दिलं."

आणि त्यानंतर?

"त्यानंतर मी चष्मा नेलाच नाही."

सात वर्षं तिने स्क्रिप्ट उघडलेलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. प्रतिमाला, निधीला, पडदेवाल्यालासुद्धा. मला सांगायचं नाही असं त्यांच्यात ठरलं होतं, कारण मला लागेल. मी माझ्याच नाटकातला एकटा माणूस होतो ज्याला नाटक कोणाचं ते माहीत नव्हतं. मला भयंकर अपमान वाटला. काचेवरचा फोटो जाऊन फाडावा असं वाटलं.

मी म्हटलं, मला सांगायचंस. एकत्र लिहिलं असतं.

तेव्हा तिने शेंग खाली ठेवली. "तू माझ्या आईवर विनोद लिहिलेस, पुरुषोत्तम. लोकांनी तिच्या बोलण्याला हसावं म्हणून. मी पहिले दोन प्रयोग विंगेत बसून ते सगळं स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तिची चेष्टा मी प्रॉम्प्ट केली. तिसऱ्याला नाही झालं माझ्याच्याने."

आणि शेवटचं वाक्य, मी विचारलं. खरं तर मला माहीत होतं. विचारताना माहीत होतं.

"तिने विचारलं होतं तुला. गॅरेजमध्ये, बॅगा ठेवताना. मी दाराच्या आत होते, चपला घालत. तू डिकी लावलीस आणि म्हणालास, पासपोर्ट घेतला ना."

हो. म्हणालो होतो. ट्रॅफिक लागेल म्हणून मी घाईत होतो. आत्ता लिहिताना ती पांढरा स्वेटर घातलेली दिसतेय, एक हात गाडीवर ठेवलेला. विचारताना हसत होती, नाही म्हणायला मला सोपं जावं म्हणून. फॉर्मला अर्धा तास लागला असता. मी तिला ठेवून घ्यायला हवं होतं.

त्रेचाळीसातले एकतीस प्रयोग या नाटकाचे. त्यातल्या एकोणतीस प्रयोगांत रेणूने मला तोच प्रश्न विचारला, आणि मी गप्प उभा राहून टाळ्या घेतल्या.

२६ एप्रिल, शनिवार

प्रतिमाकडे मी स्वतः गेलो होतो. माफी मागितली. ती म्हणाली, वाक्यं कोण देणार? म्हटलं, जी देते तीच. आठवडाभर रेणू बोलली आणि मी टाइप केलं. कधीकधी ती मध्येच थांबायची आणि मी काही न सुचवता बसून राहायचो, ते मला फार जड गेलं. पहिल्या पानावर लेखक म्हणून तिचं नाव घातलं. तिने ते बघितलं, बरोबर आहे म्हणाली आणि पुढचं सांगायला लागली.

आज शेवटचा सीन, गॅरेजमध्ये. प्रतिमाचा शॉट एका टेकमध्ये झाला. निधीचा मेकअप रडून उतरला. मग कॅमेरा माझ्यावर फिरवला. देवांगने लेन्स इतकी जवळ आणली की मला तीत माझं कपाळ दिसत होतं. माझ्या शॉटसाठी समोरून कोणीतरी माईचं वाक्य द्यायचं होतं. प्रतिमा उठली. रेणू म्हणाली, तू बस, मी देते.

ती कॅमेऱ्याच्या बाजूला, गाडीवर हात ठेवून उभी राहिली. मी ॲक्शन म्हटलं.

"जवाईबापू, अजून एक महिना राहू का मी?"

स्क्रिप्टमध्ये माझं वाक्य नाही. पण मला राहवलं नाही. मी म्हणालो, "राहा की, माई. फॉर्म मी भरतो." आणि रडलो. अभिनय नव्हता तो. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. प्रतिमाने डोळे पुसले, देवांग कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवत होता. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी का होईना, म्हटलं.

रेणू म्हणाली, "हे नको. परत घ्या."

मी विचारलं, का?

"तेव्हा तू असं म्हणाला नव्हतास. जे तिला मिळालं नाही ते लोकांना कशाला दाखवायचं?"

ती रागावलेली नव्हती. हे लिहून ठेवतो, कारण राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा टेक. तिने तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. मी काही बोललो नाही. नेहमी इथे पडदा पडतो, पण इथे पडदा नव्हता. कट म्हणायचं काम दिग्दर्शकाचं, म्हणजे माझं, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. देवांग कॅमेरा थांबवत नव्हता. रेणू तशीच उभी होती, गाडीवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, मी काय म्हणतोय ते ऐकायला.